फोटोत नसलेला काका

आमच्या घरात सगळ्यांचे फोटो होते, एक वसंतकाका सोडून. कारण सरळ होतं. सगळे फोटो त्यानेच काढलेले होते. म्हापशाच्या बाजारात कुणाकडून तरी घेतलेला एक जुना चौकोनी कॅमेरा त्याच्याकडे होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत वाकून बघावं तसा, त्यात बघायचा. फोटो काढायच्या दिवशी काका वेगळाच माणूस व्हायचा. एरवी मऊ बोलणारा तो त्या दिवशी आम्हाला नुसता हुकूम सोडायचा: हात खाली, मान वर, हसायचं तर दात न दाखवता, आणि सांगेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. आई तर इतका वेळ श्वास कोंडून धरायची की बहुतेक फोटोंत ती पाण्यातून बाहेर आल्यासारखी दिसते. काकाला मूलबाळ नव्हतं, आणि माझी मोठी बहीण सुलूताई ही त्याचीच असल्यासारखी होती. तिचा पहिला दात, पहिलं परकर-पोलकं, शाळेतलं नाटक, सगळं त्याने काढून ठेवलं होतं. त्यातल्या दोन-तीन फोटोंत, आमच्या पायांपुढे अंगणात, कोपरं बाहेर काढलेल्या माणसाची एक लांबलचक सावली पडलेली आहे. तेवढाच काय तो काका.

आमचं घर सर्वणला. डिचोलीच्या बाजारापासून लांब नाही, पण गावात शिरलं की शेतं आणि माडच. आजोबांच्या मागे घराचे दोन भाग झाले होते, तेही भांडून नव्हे, सोयीसाठी. दोन व्हरांडे समोरासमोर, मध्ये अंगण, अंगणात एक तुळस, मागे एक विहीर. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत यायचा आणि पावाची मोजदाद दोन्ही घरांची एकत्रच व्हायची. आमच्या आईला गोल उंडे करकरीत लागायचे, काकीला मऊ पाव. दुपारी दोघी मागच्या पडवीत रगड्याशी बसायच्या, एक ओल्या नारळाचं वाटण घालायची आणि दुसरी वरवंटा फिरवायची, आणि त्या एका वाटणातून दोन कालवणं व्हायची. वास एकच असला तरी चवी मात्र वेगळ्या, कारण काकी तिरफळं सढळ हाताने घालायची. पलीकडच्या रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. ते आले की जमीन हलकेच थरथरायची, मांडणीवरची भांडी एकमेकांशी कुजबुजायची, आणि थोड्या वेळाने लाल धूळ निवांत आपली अंगणात उतरायची. आई तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसायची. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं केवढी ही भक्ती. ती खरं तर सफाई होती.

बाबा मराठी शाळेत मास्तर. सगळा गाव त्यांना नारायण मास्तर म्हणायचा. काका त्यांच्यापेक्षा लहान, एका खाण कंपनीच्या ऑफिसात कारकून. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन एक भाऊ दुसऱ्याच्या व्हरांड्यात जायचाच. मग ते राजभाषेचं प्रकरण आलं. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून त्या काळात घराघरात काय काय झालं ते आता तरुण मुलांना सांगितलं तर ती सभ्यपणे ऐकून घेतात आणि मोबाइलकडे वळतात. आमच्याकडे बाबा मराठीचे आणि काका कोंकणीचा. बाबांची सगळी हयात मराठी शिकवण्यात गेलेली, तेव्हा त्यांचं म्हणणं उघडच होतं. काकाचं म्हणणं असं की आपण जी बोलतो ती आपली भाषा, बाकी सगळ्या पाहुण्या. गंमत अशी की हे भांडण दोघेही कोंकणीतच करायचे. बाबा मराठीची थोरवी तावातावाने कोंकणीत सांगायचे आणि काका ते खोडून काढण्यासाठी मराठी वर्तमानपत्रातले उतारे वाचून दाखवायचा. कोंबड्या हाकताना बाबांच्या तोंडून एकही मराठी शब्द आल्याचं मला आठवत नाही. आणि देवळातल्या भजनात काकाइतका रंगून मराठी अभंग म्हणणारा गावात दुसरा नव्हता. हे दोघांनाही दाखवून द्यायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

कायदा झाला आणि कोंकणी राजभाषा झाली, त्या संध्याकाळी काकाने पेढे आणले. काकीने बशीत घालून, वर क्रोशाचा रुमाल टाकून आमच्याकडे पाठवले. काकाच्या मनात खिजवण्याचं काही नव्हतं असं मला आजही वाटतं, आनंद झाला की घरात गोड वाटायचं एवढंच त्याला ठाऊक. पण बाबांनी बशीकडे बघितलं आणि रुमाल न उचलता ती तशीच परत पाठवली. आणणारी आणि परत नेणारी मीच. दोन्ही वेळा बशी तेवढीच जड होती, पण परत जाताना मला ती धरवेना. काकाने बशी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तो चहाचा कप घेऊन आमच्या व्हरांड्यात आला नाही. बाबाही गेले नाहीत. पुढे घटक राज्य झालं तेव्हा दोघेही सारखेच खूश होते, पण फटाके मात्र दोन्ही व्हरांड्यांतून वेगवेगळे वाजले.

बायकांनी हा अबोला कधी मानलाच नाही. मागच्या दारातून वाट्या जात-येत राहिल्या. मुगागाठी तिकडून इकडे आणि सुक्या सुंगटांची किसमूर इकडून तिकडे. काकाच्या घरची तिरफळांची आमटी बाबा मुकाट्याने भुरकायचे आणि कुठून आली ते विचारायचे नाहीत. पण पुढच्या दाराने सगळं बंद. एकमेकांना काही सांगायची वेळच आली तर दोघे टायगरला सांगायचे. टायगर हा दोन्ही घरांचा मिळून एक कुत्रा. विहिरीवरचा पंप चालू राहिला असेल तर काका आपल्या पायरीवरून म्हणायचा, टायगर, कुणाचा तरी पंप चालू आहे. बाबा उठून पंप बंद करायचे आणि टायगरला म्हणायचे, केला. टायगर बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघून शेपूट हलवायचा. त्या वर्षभरात त्याला इतकी माहिती मिळाली की तो बोलता झाला असता तर पंचायतीवर निवडून आला असता.

अशात सुलूताईचं लग्न ठरलं. मुलगा पेडण्याचा, सरकारी नोकरीतला, माणसं चांगली. घरात आनंद होता, पण त्या आनंदात एक काटा होता आणि तो सगळ्यांना टोचत होता. काकाला लग्नाचं आमंत्रण कुणी द्यायचं? बाबा म्हणायचे, घरच्या माणसाला कसलं आमंत्रण, तो आहेच. काका काकीजवळ म्हणायचा, बोलावल्याशिवाय मी कुणाच्या मांडवात पाऊल टाकणार नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि दिवस तर जवळ येत चाललेले. सुलूताई वरून हसायची. पण एकदा मी तिला काकाच्या जुन्या फोटोंच्या पेटीशी बसलेली बघितली. एकेक फोटो ती बघत होती आणि खाली ठेवत होती. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, सासरी नेण्यासाठी काकाचा एक फोटो हवा होता, या एवढ्या ढिगात एकही नाही.

जायच्या आधी सगळ्या घराचा एक फोटो काढून हवा, असं तिने बाबांना सांगितलं. आई लगेच म्हणाली, वसंतभाऊजींना सांगूया की. बाबा म्हणाले, गरज नाही. आणि त्यांनी कपाटातून एक खोका काढला. दुबईच्या मामाने लग्नाची भेट म्हणून पाठवलेला जपानी कॅमेरा त्यात होता. त्यात अशी सोय होती की कळ फिरवून आपणच फोटोत जाऊन उभं राहायचं, फोटो आपोआप निघतो. बाबांना ही कल्पना इतकी आवडली की ते त्या कॅमेऱ्याबद्दल, ज्याला कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत अशा एखाद्या स्वाभिमानी माणसाबद्दल बोलावं, तसं बोलायचे. आई त्या सोयीला 'आपसूक' म्हणायची. आज मुलं हात लांब करून स्वतःचे फोटो काढतात तेव्हा मला बाबांचा त्या दिवशीचा चेहरा आठवतो. कुणाचीही गरज नाही, याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

एका रविवारी संध्याकाळी, उन्हं कलायच्या आत, आम्ही तुळशीपुढे उभे राहिलो. आई ठेवणीतल्या साडीत, सुलूताई मधे, मी तिच्या बाजूला. बाबांनी झब्बा-धोतर घातलं होतं आणि डोक्यावर टोपी. कॅमेरा ठेवायला त्यांनी स्टूल आणलं, उंची कमी पडली म्हणून त्यावर कळशी उपडी घातली, आणि कळशीच्या बुडावर कॅमेरा बसवला. पलीकडे, आमच्या पाठीमागे, काकाचा व्हरांडा. तो तिथे बनियन आणि लुंगीवर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं, म्हणजे तसं त्याने ठरवलं होतं.

बाबांनी कळ खाली ओढली, बटण दाबलं, आणि भर दिवसा रातकिडा ओरडावा तसा कॅमेरा करकरायला लागला. बाबा पळाले. शाळेत मुलांना हळू चाला म्हणून आयुष्यभर सांगणारे बाबा धोतराचा सोगा धरून असे पळाले की टायगरला वाटलं घरात साप आला, आणि तोही त्यांच्या मागून धावला. पोचतात न पोचतात तोच खट्ट झालं. बाबांची पाठ आली असणार हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या खेपेला ते वेळेत पोचले, पण टोपी वाटेत पडली आणि ती उचलायला खाली वाकले. तिसऱ्या खेपेला आईला हसू आवरेना. आई फोटोत हसली ती आयुष्यात पहिल्यांदाच, आणि ती एवढी हसली की सुलूताईला धरून उभी राहिली. पुढच्या वेळी सगळं जुळलं होतं, बाबा उभे होते, टोपी जागेवर होती, तेवढ्यात फाटकातून संध्याकाळच्या फेरीवरच्या पोदेराचा भोंपू वाजला आणि आम्ही सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या.

तेव्हा मागून आवाज आला.

"टायगर, त्या कॅमेऱ्याची मान वांकडी जाल्या. फोटोंत तुळस पडटली."

आम्ही कुणी मागे बघितलं नाही. कॅमेरा खरंच कळशीच्या बुडावर तिरका बसला होता, आणि तो काकाच्या समोरच असल्यामुळे त्याला ते स्पष्ट दिसत होतं. बाबांनी आईला सांगितलं, "टायगराक सांग, आमकां दिसता म्हण." मराठीच्या कैवाऱ्याने कुत्र्याला कोंकणीत निरोप दिला आणि कॅमेऱ्याखाली एक चपटा दगड सरकवला. मग पुन्हा कळ, पुन्हा करकर, पुन्हा धावाधाव. या वेळी बाबा तुळशीच्या कट्ट्याला अडखळले. पडले नाहीत, पण पायाच्या अंगठ्याला चांगलंच लागलं असावं. ते एका पायावर उभे होते आणि चेहरा मात्र राज्यपालाबरोबर फोटो असल्यासारखा ठेवायचा प्रयत्न करत होते.

आता आवाज जवळून आला. काका पायऱ्या उतरला होता.

"टायगर, धांवचें पडना. चलत गेल्यारूय पावता."

धावायला नको, चालत गेलं तरी पोचता येतं, एवढंच तो म्हणाला. पण बाबांचा अंगठा ठणकत होता, धोतर धुळीने लाल झालं होतं, रोल संपत आला होता आणि बायको हसत होती. ते गर्रकन मागे वळले आणि टायगरला नव्हे, सरळ काकाकडे बघून म्हणाले, "जाल्यार तूंच येवन दाखय."

तर तूच येऊन दाखव, असं थेट काकाला. वर्ष उलटून गेल्यावर हे पहिले शब्द. आई हसायची थांबली. सुलूताईने माझा हात घट्ट धरला, तो अजून मला जाणवतो. काका दोन पावलांवर उभा होता. तो परत फिरतो की काय असं वाटलं. पण कॅमेरा तिरका ठेवून घरात जाऊन बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो आला. आधी दगड काढून टाकला, कळशी बाजूला केली आणि काकीला हाक मारून रगड्याजवळचा पाट मागवला. स्टुलावर पाट आणि पाटावर कॅमेरा. मग त्याने कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं आणि त्याच्या अंगात जुना हुकूमशहा संचारला. सुलू पुढे ये. वहिनी, श्वास घेतला तरी चालेल. उजू, ही मी, हात खाली. बाबांना मात्र काही सांगितलं नाही. नुसतं हाताने डावीकडे सरक अशी खूण केली, आणि बाबा सरकले.

इतक्यात रस्त्यावरून ट्रकांची ओळ गेली आणि धूळ उठली. काकाने झटकन कॅमेऱ्याच्या काचेवर झाकण बसवलं. जपानी काच आहे, एक कण बसला तर ओरखडा पडेल, असं त्याने आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. आम्ही धूळ बसायची वाट बघत उभे राहिलो. त्या वेळात काकीही येऊन आईशेजारी उभी राहिली, बोलावल्याची वाट न बघता. काका कॅमेऱ्यामागे उभा होता, नेहमीसारखा. आता तो बटण दाबणार आणि नेहमीसारखाच राहून जाणार हे दिसत होतं.

सुलूताई म्हणाली, "काका, तूं हांगा यो. तूं नासल्यार म्हाका फोटो नाका."

आपण नसलो तर तिला फोटोच नको, हे काकाला सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, माझा कशाला. मग आपल्या बनियनकडे बघून म्हणाला, असा? काकी धावत जाऊन सदरा घेऊन आली. तो त्याने घातला, बटणं एक घर चुकवून लावली, आणि कुणीच ते सांगितलं नाही. त्याने पुन्हा एकदा खिडकीतून बघितलं, कळ ओढली, बटण दाबलं आणि चालत निघाला. अगदी देवळात प्रदक्षिणा घालावी तसा, निवांत. बाबांच्या शेजारी जागा होती. तिथे येऊन उभा राहिला. आणि मग मला दिसलं की आयुष्यभर दुसऱ्यांना हात खाली म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःच्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग पोटाशी नेले, जुना कॅमेरा धरायच्या जागी. सुलूताईने त्यातला एक हात ओढून आपल्या हातात घेतला. दुसरा बाबांच्या बाजूला लोंबत राहिला. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून समोर बघत होते, रातकिडा ओरडत होता, आणि मग खट्ट झालं.

कुणी हललं नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "आयतारा पेडण्याक वचपाचें आसा. सकाळीं टेंपो येतलो. यो." पुढच्या रविवारी मुलाकडे लग्नाच्या तयारीची बोलणी करायला जायचं होतं, त्याचं हे आमंत्रण. काका सदऱ्याची बटणं चाचपत म्हणाला, "येतांच आसलों हांव." तो येणारच होता म्हणे. काकीने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. त्या संध्याकाळी काका चहाचा कप घेऊन आमच्या व्हरांड्यात आला, आणि चहा संपायच्या आत दोघांचं राजभाषेवरून पुन्हा जुंपलं. रविवारी टेंपोत पेडण्यापर्यंत तेच चाललं होतं. ड्रायव्हरने एकदा मागे वळून विचारलं, गाडी थांबवू का. आई म्हणाली, थांबवू नकोस, चालू दे, फार दिवसांनी ऐकतेय.

रोल धुऊन यायला लग्न उजाडलं. काका स्वतः म्हापशाच्या स्टुडिओत जाऊन फोटो घेऊन आला आणि आम्ही ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. आमच्याकडे कुणी बघेचना. सगळे बघत होते पाठीमागे. पहिल्या फोटोत बाबांची पाठ, आणि त्यामागे दूर व्हरांड्यात एक वर्तमानपत्र आणि त्याखाली दोन पाय. दुसऱ्यात बाबा वाकलेले, आणि वर्तमानपत्राच्या वर दोन डोळे. आई हसते त्या फोटोत वर्तमानपत्र मांडीवर. भोंपूच्या फोटोत आम्ही सगळे फाटकाकडे बघतोय आणि एकटा काका कॅमेऱ्याकडे. आणि त्यापुढच्या फोटोत बाबा एका पायावर, आणि त्यांच्या मागे, पायरी उतरलेला, बनियनमधला काका, उजवा हात वर करून, तोंड उघडं. वर्षभर ज्याने आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही तो माणूस प्रत्येक फोटोत एकेक पाऊल पुढे येत होता. काका लाजला. म्हणाला, फाडून टाका हे. सुलूताईने सगळे गोळा करून छातीशी धरले.

शेवटचा फोटो मात्र नव्हता. काकाने निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली. शेवटच्या चौकोनात काहीच नव्हतं, काचेसारखा स्वच्छ. त्याने आधी स्टुडिओवाल्याला दोष दिला, मग रोलला, मग जपान्यांना. मला वाटलं आता बाबा त्याला चांगलंच धरणार. कारण काकाची एखादी चूक सापडली तर बाबा ती जपून ठेवत आणि महिनोन्‌महिने पुरवून वापरत. पण बाबा फक्त म्हणाले, होतं असं कधी कधी, आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

पुन्हा काढू म्हणून ठरलं आणि राहून गेलं. लग्नात डिचोलीचा फोटोग्राफर होता, पण काका सगळा वेळ त्याच्या पाठीशी उभा राहून त्याला शिकवत होता, तेव्हा त्या आल्बममध्येही त्याचं एक कोपर काय ते सापडतं. सुलूताईने पेडण्याच्या घरी तो एका पायावरचा फोटो मोठा करून, फ्रेम करून लावला. सासरची मंडळी विचारायची, हे पाठीमागे कोण ओरडताहेत? ती सांगायची, माझा काका. पुढे काकाला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या नातवंडांना त्याचा तोच चेहरा माहीत आहे, तोंड उघडं, हात वर, कुणाला तरी काहीतरी नीट करायला सांगणारा.

बाबा खूप जगले. त्यांच्या शेवटच्या वाढदिवसांपैकी एकाला मी माझा डिजिटल कॅमेरा घेऊन सर्वणला गेले होते. आई तोवर गेली होती, काकीही. घरात आम्ही दोघंच. म्हटलं दोघांचा एक फोटो काढू. कॅमेरा तिवईवर बसवला, टायमर लावला, आणि चालत येऊन बाबांच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. हा नवा कॅमेरा करकरत नाही. त्याचा लाल दिवा लुकलुकतो आणि तो बारीक आवाजात टिकटिकतो. बाबा त्या दिव्याकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "त्या दिसा धांपणें तशेंच आशिल्लें."

मला समजलं नाही. मी विचारलं कुठलं झाकण. ते समोरच बघत होते, चेहरा फोटोसाठी तयार ठेवून. त्यांनी सांगितलं ते असं. धुळीसाठी काकाने लावलेलं झाकण काढायचं राहून गेलं होतं. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी, त्यामुळे खिडकीतून काकाला सगळं छान दिसलं. आम्ही बाकीचे काकाकडे बघत होतो. बाबा कॅमेऱ्याकडे बघत होते. काका शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा, खट्ट व्हायच्या आधीच, त्यांना ते दिसलं होतं.

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"सांगलें आसलें जाल्यार तो परत कॅमेऱ्याफाटल्यान गेलो आसतो," बाबा म्हणाले. म्हणजे सांगितलं असतं तर काका पुन्हा कॅमेऱ्यामागे गेला असता. मग म्हणाले, "खांदाक खांद लागिल्लो ताचो. म्हटलें, रावूं दी."

मी त्यांच्याकडे वळले आणि तेवढ्यात कॅमेऱ्याने फोटो घेतला. त्यात बाबा एकदम नीट आले आहेत, टोपी सरळ, हात मांडीवर. माझी पाठ आली आहे आणि एक कान.